सत्ताविसावा शब्द

कारखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, यात कारखान्याचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर स्मरणिका काढायची कल्पना ज्याला सुचली त्याचा, आणि भर बैठकीत उठून ‘मी काहीतरी वेगळं देतो’ असं म्हणणाऱ्याचा. तो मी.

साल चौऱ्याण्णव. बेंगळुरूला यशवंतपुरात, रुळांच्या पलीकडे आमचा कारखाना होता. आम्ही झाकणं बनवायचो. रंगाच्या डब्यांची, वंगणाच्या डब्यांची, बिस्किटांच्या डब्यांची. डबे कोण बनवायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी पर्सोनेल खात्यात साहाय्यक होतो, म्हणजे रजेच्या अर्जावर ‘पाहिले’ असं लिहून ते साहेबांकडे पाठवायचो. असं अकरा वर्षं पाहिल्यावर माणसाला आपणही एखादी गोष्ट लिहावी असं वाटू लागतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला तर ते फार लवकर वाटतं.

वेगळं म्हणजे काय, ते मला गुंडोअण्णामुळे सुचलं. गुंडोअण्णा माझ्या बायकोचा, वसुमतीचा, चुलतभाऊ. त्यांचं घराणं इथं तीनशे वर्षांचं. त्यांचं मराठी ऐकून माझ्या आईनं लग्नाच्या वेळी ‘मुलगी चांगली आहे, भाषा काय, शिकेल’ असा निकाल दिला होता. अण्णा आमच्याच कारखान्यात चार नंबरच्या प्रेसवर होता. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, “आज दिवसभर गणपती उठलाच नाही रे दाजी, विसर्जन थेट साडेचारला.”

चौकशी केल्यावर कळलं की गणपती म्हणजे सुपरवायझर, त्याच्या पोटावरून. तो शेडमधून निघून गेला की विसर्जन. वंगणाचं तेल म्हणजे तीर्थ. पत्रा संपून मशीन रिकामं उभं राहिलं की उपास. नापास झालेली झाकणं म्हणजे उप्पिट्टु, कारण रोज होतं आणि कुणालाच नको असतं. प्रेस शेडमध्ये कन्नड, मराठी, तमिळ, तेलुगू, दख्खनी अशी पाच भाषांची माणसं, आणि त्या पाचांनी मिळून ही सहावी पाळली होती. ती शेडच्या दाराबाहेर कुणाला येत नव्हती. मी त्याच कारखान्यात अकरा वर्षं होतो आणि माझ्या रजेच्या अर्जांत यातला एक शब्द कधी आला नव्हता.

मी ठरवलं, कोश करायचा. छोटासा. दोन पानी.

अण्णा आधी तयार नव्हता. “हे आमचं आमच्यात असतं, दाजी. कागदावर काय करायचं?” मी त्याला कोशाचं महत्त्व सांगितलं. भाषा लिहिली नाही तर मरते, असंही म्हणालो. तो म्हणाला, “लिहिली म्हणून जगते काय?” पण मी त्याच्या बहिणीचा नवरा. नाही कसं म्हणणार? सहा रविवार तो माझ्याकडे येऊन बसला. वसुमती कॉफी देत होती, तो सांगत होता, मी लिहीत होतो. एकेचाळीस शब्द झाले. त्याला मजा यायला लागली होती हे मला दिसत होतं. आपण काहीतरी जाणतो आणि ते शाईनं लिहून घेण्याइतकं किमतीचं आहे, हे त्याला बहुतेक प्रथमच कुणी सांगत होतं.

सत्ताविसावा शब्द होता ‘अत्ते बंद्लु’. कन्नडमध्ये याचा अर्थ सासू आली.

“म्हणजे पगार वाटणारी बाई आली की?” मी विचारलं.

“नाही रे. प्रेस एकदा खाली येतो, वर जातो. वर गेला की कडी बसते. मग आपण हात घालून झाकण काढतो. सरी? कधी कधी कडी बसतच नाही. मग तो पायपट्टी न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो. सासू गेली म्हणून सून श्वास सोडते, तोवर परत दारात.” तो हसला. “चालवणाऱ्याचं लक्ष झाकणावर असतं, त्याला कडी दिसत नाही. शेजारच्याला दिसते. तो ओरडतो, अत्ते बंद्लु. की सगळ्या ओळीनं हात मागे. कुणाच्या मशीनवर आली ते बघत बसायचं नाही. आधी हात.”

मी हे सगळं लिहून घेतलं. छान मोठी नोंद झाली होती, सातआठ ओळींची.

आमच्या शेजारी आप्पाजी राहायचे. कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून वाचायला कागद मिळत नव्हते. मी कोश त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “बिंदुमाधवराव, बाकी ठीक. पण सत्तावीस नंबरला तुम्ही यंत्राची निंदा केली आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मालकाचं यंत्र बिघडतं असं लिहिणार? लग्नात नवरीचे दात मोजल्यासारखं होईल. कारण गाळा. परिणाम तेवढा ठेवा.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ती नोंद तशीही लांबट वाटत होती. बाकीच्या एकेका ओळीच्या, आणि ही एकटी पसरलेली. सौंदर्यदृष्टीही काही असते. मी काटछाट केली. उरलं ते असं: ‘अत्ते बंद्लु: हा शब्द उच्चारताच ओळीतील सर्व कामगार हात थांबवून मागे सरतात.’

वसुमतीनं कन्नड केलं, मी इंग्रजी टाइप केलं, तीन प्रती काढल्या आणि आमचे पर्सोनेल मॅनेजर रघुनंदन साहेब यांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. माझ्यासाठी कॉफी मागवली. अकरा वर्षांत प्रथमच.

“हे स्मरणिकेत छापायचं नाही,” ते म्हणाले. “हे फार मौल्यवान आहे.”

घरी येऊन मी वसुमतीला हे वाक्य तीनदा सांगितलं. ती म्हणाली, “मौल्यवान आहे तर छापत का नाहीत?” बायकांना प्रशासन कळत नाही, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यानं माझा पुढचा सगळा आठवडा आनंदात गेला.

सोमवारी प्रेस शेडच्या बोर्डावर सूचना लागली. शेडमध्ये सांकेतिक भाषेचा वापर करून उत्पादन मंदावलं जातं, असं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं आहे. यापुढे कामाच्या वेळी फक्त स्पष्ट व अधिकृत भाषा वापरावी. परिशिष्ट ‘अ’ मधले शब्द उच्चारणं हे गैरवर्तन समजलं जाईल. खाली परिशिष्ट ‘अ’, एकेचाळीस शब्द, अर्थासह, तीन भाषांत. आणि सर्वांत खाली, ठळक टायपात: संकलन, बिंदुमाधव खरवंडीकर.

आयुष्यात माझं नाव प्रथमच छापून आलं होतं. मी ते वाचत उभा होतो आणि माझ्यामागून पहिल्या पाळीचे साठ लोक एकेक करून आत जात होते. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शिवी ऐकून माणूस निदान रागावू तरी शकतो.

पुढचे काही दिवस शेडमध्ये अधिकृत भाषा सुरू झाली. सुपरवायझर दारात दिसला की कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणायचं, “माननीय पर्यवेक्षक महोदय येत आहेत!” आणि साठजण काम थांबवून नमस्कार करायचे. तेल हवं असलं की “कृपया वंगणद्रव्य.” सुपरवायझर दोन दिवस खूश होता, तिसऱ्या दिवशी त्याला कळलं. मग एका तमिळ कामगाराच्या तोंडून सवयीनं ‘तीर्थ’ निघालं आणि त्याला चार्जशीट मिळाली. ती मीच टाइप केली. ‘दिनांक अमुक रोजी तुम्ही तीर्थ मागितले,’ हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं यावर मी अर्धा तास घालवला. त्यानंतर नमस्कार बंद झाले. शेडमध्ये कुणी काहीच बोलेना. मशीनच्या आवाजाखाली एवढी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं.

कँटीनमध्ये मी बसलो की टेबल रिकामं व्हायचं. मला चहा मिळायचा, पण थंड. मी तक्रार करणार होतो. पण कोणत्या खात्याकडे करणार, ते खातं मीच.

त्या रविवारी अण्णा घरी आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, मी दारातच उभा राहिलो. तो आत आला, बसला, वसुमतीनं दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, “दाजी, बाकी चाळीस ठेव. सत्ताविसावा काढ.”

“अण्णा, मी मुद्दाम नाही…”

“मुद्दाम कोण करतंय? तुझ्या यादीत लिहिलंय, ओरडलं की सगळे हात थांबवतात. त्यांनी वाचलं, ही संपाची खूण. का थांबवतात ते कुठं लिहिलंय?”

वसुमती माझ्याकडे बघत होती. कन्नड तिनंच केलं होतं, माझ्या काटछाटीनंतरचं.

“तुम्हाला अण्णानं कारण सांगितलं होतं,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“आप्पाजी म्हणाले की…”

“आप्पाजी प्रेसवर आहेत का?”

सोमवारी मी कामाला लागलो. माझ्या पद्धतीनं. मी एक टिपण तयार केलं: परिशिष्ट ‘अ’ मधील नोंद क्रमांक सत्तावीस ही सुरक्षेशी संबंधित असल्यानं वगळण्यात यावी. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “सुरक्षेशी संबंध आहे म्हणजे प्रेसमध्ये दोष आहे. दोष आहे असं देखभाल विभागानं लिहून द्यायला हवं.” मी देखभाल विभागाकडे गेलो. देखभाल विभाग म्हणाला, आमच्या रजिस्टरप्रमाणे चारही प्रेस निर्दोष आहेत. दोष आहे असं उत्पादन विभागानं कळवलं तर आम्ही तपासू. उत्पादन विभाग म्हणाला, सुपरवायझरची लेखी तक्रार हवी. सुपरवायझर म्हणाला, मी तक्रार केली तर इतके दिवस का केली नाही असं विचारतील. मग फाइल पुन्हा साहेबांकडे आली, आणि साहेब चार दिवस मद्रासला गेले होते.

आप्पाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते समाधानानं म्हणाले, “फाइल फिरते आहे ना? मग झालं. फिरणारी फाइल कधी मरत नाही.”

अकरा दिवस ती फिरली. या अकरा दिवसांत मी रोज बोर्डावरून येत-जात होतो. बोर्डाला काच नव्हती. कागद चार टाचण्यांवर होता. तो ओढून काढायला मला किती वेळ लागला असता, हे मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे. तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. माझा अर्ज चालू होता.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास, चार नंबरची कडी बसली नाही.

शेजारच्या मशीनवर संताजी होता. त्याला कडी दिसली. सुपरवायझर त्याच्या मागे, दोन हातांवर उभा होता. संताजीनं तोंड उघडलं. तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता, असं तो चौकशीत म्हणाला. पण ‘तीर्थ’ म्हणणाऱ्याला मिळालेली चार्जशीटही त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्याला तीन मुली होत्या. म्हणून तो अधिकृत भाषेत ओरडला. “यंत्र क्रमांक चारमध्ये…” एवढंच त्याचं झालं. अण्णा ‘यंत्र’ ऐकून वळून त्याच्याकडे बघायला लागला. हात आतच होता.

उजव्या हाताची तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी शेडमध्ये पोचलो तेव्हा त्याला गाडीत घातलं होतं. शेडमध्ये सगळे उभे होते, मशीन बंद, आणि कुणीतरी जमिनीवर लाकडाचा भुसा टाकत होतं. चार नंबरच्या प्रेसमध्ये एक झाकण होतं. ते नापास झालं होतं. संताजी भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या तोंडून एकच शब्द पुनःपुन्हा येत होता, मनाई असलेला. आता त्याला कुणी अडवत नव्हतं.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. अपघाताचा अहवाल त्याच दिवशी जायला हवा. कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचे लक्ष विचलित होणे’ असं त्यांनी सांगितलं.

मी ते टाइप केलं.

हे मी लपवत नाही. खोटंही नव्हतं ते. अण्णाचं लक्ष विचलित झालंच होतं. पर्सोनेल खात्यात अकरा वर्षं काढली की खोटं न लिहिता काय काय लिहिता येतं हे हाताला येतं.

हॉस्पिटलात प्रेमावहिनी, अण्णाची बायको, बाकावर बसली होती. मांडीवर अण्णाचा जेवणाचा डबा होता, सकाळी भरलेला. तिनं मला बघितलं आणि बाजूला सरकून जागा दिली. एवढंच केलं तिनं. मी बसलो नाही. वसुमती तिच्याशी कन्नडमध्ये बोलत राहिली. मला कन्नड चांगलं कळतं. त्या दोघी माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, हे मला जास्त लागलं.

रात्री वसुमतीनं माझं पान वाढलं आणि विचारलं, “अहवालात काय लिहिलंत?”

मी सांगितलं.

तिनं भांडण केलं नाही. उठली आणि अण्णाच्या मुलांचे कपडे इस्त्री करत बसली. मुलं आता आमच्याकडे होती. थोड्या वेळानं म्हणाली, “तो तुमच्यापुढं सहा रविवार बसला. कुठल्या शाळेत तो सहा दिवससुद्धा एवढा खूश नव्हता.”

पंधरा दिवसांनी सरकारकडून कारखाना निरीक्षक आल्या. चष्मा लावलेल्या, बारीक आवाजाच्या बाई. त्यांनी अहवाल वाचला, सूचना वाचली, परिशिष्ट वाचलं. मग म्हणाल्या, “संकलन करणारे खरवंडीकर कोण?” मी उभा राहिलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत अकरा वर्षांची बढती होती. द्यायची किंवा नाही, ती.

“सत्ताविसाव्या शब्दाचा अर्थ सांगा.”

माझ्या खिशात टाइप केलेलं उत्तर होतं. साहेबांनी तपासलेलं. मी ते काढलं, घडी उलगडली, पहिली ओळ बघितली. मग मी ते पुन्हा घडी करून खिशात ठेवलं आणि जे अण्णानं मला सांगितलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं. कडी, सून, सासू, आधी हात. मध्ये मध्ये माझं कन्नड अडखळत होतं. बाईंनी दोनदा दुरुस्त केलं. मग मी म्हणालो, “हे सगळं त्यानं मला सांगितलं होतं. मी गाळलं.”

“का?”

“नोंद लांब होत होती.”

बाईंनी ते लिहून घेतलं. शब्दशः. ते आज कुठल्यातरी सरकारी फाइलीत आहे.

चार नंबरची कडी त्याच आठवड्यात बदलली. सूचना उतरली, कोणताही गाजावाजा न करता. अण्णाच्या कागदांवरून ‘लक्ष विचलित’ गेलं आणि त्याची नुकसानभरपाई मार्गी लागली. महिन्याभरात माझी बदली बोम्मसंद्राच्या गोडाउनवर झाली. दोन बस, दोन तास. तिथं मी झाकणं मोजत नाही, झाकणांच्या खोक्यांवरची नावं बरोबर आहेत का ते बघतो. आप्पाजी म्हणाले, “सत्याची किंमत मोजावी लागते.” मी त्यांना पुन्हा काही वाचायला दिलं नाही. कारखान्यातल्या कुणीही माझे आभार मानले नाहीत. का मानावेत, असं वसुमती म्हणाली.

मग बँकेची गंमत झाली. भरपाईचे पैसे काढायला गेलो तर अण्णाची सही जुन्या सहीशी जुळेना. डाव्या हातानं तो कन्नडमध्ये ‘गुंडो’ एवढंच काढायचा, तेही वर चढत जाणारं. खिडकीतला माणूस सभ्य होता. त्यानं तीनदा नमुना ताडून बघितला, तीनदा म्हणाला, “जुळत नाही सार.” प्रेमावहिनीनं त्याच्यापुढं अण्णाचा उजवा हात धरला. तो ओशाळला, आत गेला आणि एक फॉर्म घेऊन आला. खातेदाराला ओळखणाऱ्या दुसऱ्या खातेदारानं सही करायची.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिनंच मला रजा काढून यायला सांगितलं होतं. तिचं खातं नव्हतं, माझं होतं.

बँकेच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. अण्णा मध्ये. अपघातानंतर तो माझ्याशी फारसं बोलला नव्हता. विचारलं तर ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणायचा, तेवढंच. मी फॉर्म भरत होतो.

“काय लिहिलंय त्यात?” त्यानं विचारलं. “वाच. सगळं वाच.”

मी वाचलं. “या इसमाला मी अकरा वर्षांपासून व्यक्तिशः व चांगल्या प्रकारे ओळखतो.”

“चांगल्या प्रकारे?”

“छापील आहे ते, अण्णा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं, इतकं की खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला आणि वहिनीनं घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. डोळे पुसायला त्यानं उजवा हात वर नेला, तो मध्येच थांबला, आणि त्यानं डाव्या हातानं पुसले.

“कर सही,” तो म्हणाला. “स्वल्प खोटं चालतं कागदावर.”

मी सही केली. माझी सही जुळली.